चावरा कुत्रा आणि आपली दया

विक्रोळीच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीकाठची तिवरे आहेत आणि पश्चिमेस पार्कसाइटची टेकडी. या दोहोंच्या मध्ये रेल्वे, दोन हमरस्ते, कारखाने, गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या जुन्या इमारती आणि त्यांच्या जागी आता उठू लागलेले मनोरे अशी दाट वस्ती पसरली आहे. अशा वस्तीत माणूस आणि कुत्रा यांचा शेजार टळत नाही. कन्नमवारनगर घ्या, टागोरनगर घ्या, की टेकडीच्या अंगावरील चाळी घ्या, बहुतेक आवारांशी एखाददुसरा कुत्रा जोडलेला असतोच. तो बहुधा निरुपद्रवी असतो. रात्री जागतो, दिवसा जिन्याखाली झोपतो आणि मिळेल त्या तुकड्यावर गुजराण करतो. परंतु एखादे वेळी त्यांतलाच एक येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावू लागतो, एके दिवशी कोणाची तरी पोटरी फोडतो, आणि मग रहिवाश्यांच्या सभेत प्रश्न निघतो की, याचे आता करावयाचे काय?

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. सभेच्या टिपणात तो पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीनंतर आणि गाड्या लावण्याच्या जागेपूर्वी येत असेल. तथापि त्यावर जितका कडवटपणा माजतो तितका टाकीवरून माजत नाही. एक पक्ष म्हणतो, माणसापेक्षा कुत्रा मोठा आहे काय? दुसरा पक्ष म्हणतो, मुक्या जिवाने कोणाचे काय वाईट केले आहे? वस्तुतः या दोन्ही उद्गारांत खोटे असे काहीच नाही. माणसाचा जीव अधिक मोलाचा आहे हे खरे, आणि कुत्रा निरपराध आहे हेही खरे. दोन सत्ये एकमेकांसमोर उभी केली म्हणजे वाद मिटत नाही. प्रत्येक पक्ष आपापल्या सत्याला कवटाळून घरी जातो. माझ्या मते या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो सभेत सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, जो निर्णय आपण घेऊ त्याचा भार कोणाच्या अंगावर पडणार आहे?

प्रथम अपराधाचा मुद्दा घेऊ. कुत्रा चावतो तेव्हा त्याला काही कारण असते. भीती हे त्यांतले सर्वांत मोठे. याखेरीज अंगातील दुखणे, पिल्लांची राखण, अन्नावरचा हक्क, आपली म्हणून मानलेली जागा आणि दिवसचे दिवस साखळीला बांधून ठेवल्याने आलेला चिडखोरपणा. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून तीनसाडेतीन महिन्यांचे होईपर्यंत त्याचा माणसांशी जो परिचय होतो त्यावर त्याचा पुढील स्वभाव पुष्कळसा ठरतो. त्या दिवसांत ज्याला दगडच मिळाले तो माणसाचा हात उचललेला पाहताच दात दाखवितो, यात नवल नाही. भुंकणारा कुत्रा चावत नाही, अशी म्हण आहे. ती अक्षरशः खरी नसली तरी तिच्यात एक मर्म आहे. भुंकणे आणि गुरकावणे ही कुत्र्याने दिलेली सूचना होय. गुरकावल्याबद्दल ज्याला वारंवार मार बसतो तो शांत होत नाही, सूचना देण्याचे सोडून देतो. आणि मग लोक म्हणतात, हा काही कारण नसता एकदम चावला!

महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच एक कथा आहे. जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचा पुत्र तेथे आला आणि जनमेजयाच्या भावांनी त्यास मारले. तो रडत आईकडे गेला. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारती झाली की, माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही, मग त्याला का मारले? कोणी काहीच उत्तर दिले नाही. तेव्हा, तुमच्यावर अकल्पित भय कोसळेल, असा तिने शाप दिला. या कथेत दोष नुसत्या मारण्याचा नाही, उत्तर न देण्याचाही आहे. ज्याला आपण दुखवितो त्याच्या बाजूने कोणी कारण विचारले तर आपणाजवळ कारण असले पाहिजे, एवढी किमान अट न्यायाची आहे. म्हणून सभेचे पहिले काम चौकशी हे होय. कुत्रा कोणास चावला, केव्हा, किती वेळा? झोपेत शेपटीवर पाय पडला म्हणून चावला, की वाटेने जाणाऱ्यावर पाठीमागून धावून चावला? अंगावर जखम आहे काय? जवळपास पिल्ले आहेत काय? एकदा डिवचला गेल्याने चावलेला कुत्रा आणि पुनःपुन्हा अकारण माणसांवर तुटून पडणारा कुत्रा यांना एकाच मापाने मोजणे हा आळशीपणा आहे.

पण कुत्रा निरपराध आहे एवढ्याने जखम भरून येत नाही. अलर्क रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचल्याचे उदाहरण जवळजवळ नाही. आणि आपल्या देशात हा रोग माणसाला होतो तो मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातून. १८८५ साली पाश्चरने जोसेफ मायस्टर नावाच्या मुलास लस टोचली तेव्हापासून या मृत्यूस आडकाठी घालता येते, हे मानवजातीचे भाग्य. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे, त्याच दिवशी लस सुरू करून ती ठरल्या दिवशी पुरी करणे, आणि जखम खोल असेल तर जखमेत रक्तद्रव्याचे प्रतिविषही टोचून घेणे, एवढे वेळेवर केले तर जीव वाचतो. परंतु 'एवढे' हा शब्द लिहिणे सोपे आहे. रोजंदारीवर राबणाऱ्याला दवाखान्याच्या प्रत्येक फेरीमागे कामाचा खाडा सोसावा लागतो. लहान मुलाची उंचीच अशी की, कुत्र्याचा दात त्याच्या तोंडापर्यंत पोचतो, आणि मेंदूजवळची जखम अधिक घातक. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आवारातील कुत्रा ज्यांना ओळखतो त्यांना सहसा चावत नाही. तो चावतो तो पहाटे येणाऱ्या दूधवाल्याला, कचरा उचलणाऱ्या बाईला, रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराला, घरोघर सामान पोचविणाऱ्या पोराला. म्हणजे सभेत ज्यांना मत नाही त्यांनाच. तिसऱ्या मजल्यावरील दया आणि तळमजल्यावरील जखम यांची अशी फारकत झाली म्हणजे त्या दयेविषयी शंका येऊ लागते.

या शंकेचा निकाल लावण्यासाठी मुंबईच्याच इतिहासातील एक प्रकरण उपयोगी पडेल. मोकाट कुत्री ठरावीक दिवसांत मारण्याचा नियम येथे कंपनी सरकारच्या काळापासून होता. १८३२ साली ती मुदत वाढविण्यात आली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या आवारांत शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्यास मोठा मान. मृताच्या अंत्यविधीतही त्याची दृष्टी लागते. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोटात दंगल उसळली, दुकाने बंद झाली, हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही सामील झाले आणि लष्कराचा दाणापाणी अडला. सरकारला सैन्य बोलवावे लागले.

ही दंगल पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यानंतर जे घडले ते तितके ठाऊक नसते, आणि माझ्या दृष्टीने महत्त्व त्याचेच आहे. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आदी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरानजीक पांजरपोळ स्थापन झाला, आणि त्याचा एक उद्देश या बेवारशी कुत्र्यांना आश्रय देणे हाच होता. कुत्री मारू नका, असे ज्यांनी सरकारला बजाविले त्यांनी, मग ती ठेवावयाची कोठे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पदरच्या पैशाने दिले. त्यांच्या मागणीला नैतिक वजन आले ते यामुळे. ते सरकारजवळ दया मागून थांबले नाहीत. दयेचा हिशेबही त्यांनी आपल्या वहीत मांडला.

सुमारे शंभर वर्षांनी हाच प्रश्न अहमदाबादेस निघाला. १९२६ साली अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या परिसरातील साठ कुत्री मारण्यात आली. जीवदयावादी मंडळींनी गांधीजींकडे धाव घेतली आणि, दुसरे काय करता आले असते, असे त्यांचे उत्तर ऐकून ती थक्क झाली. गांधीजींनी 'यंग इंडिया'त यावर एक लेखमालाच लिहिली. अहिंसेचा एवढा मोठा उपासक पिसाळलेल्या कुत्र्यांच्या वधास संमती देतो, हे पाहून लोक संतापले. पण त्या लेखमालेतला खरा बोचणारा भाग वेगळाच आहे. कुत्र्याला वाटेवर उष्टे टाकून पुढे जाणे ही दया नव्हे, तो पाळावयाचा असेल तर नीट पाळावा, आणि समाजास त्याची जबाबदारी घेणे नको असेल तर मोकाट कुत्र्यांबद्दलच्या कळवळ्याचा डौल मिरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मारण्याविषयीच्या त्यांच्या मताशी सहमत होण्याची मला गरज वाटत नाही. त्या वेळी उपाय थोडे होते, आज अधिक आहेत. परंतु पाळणे आणि उष्टे टाकणे यांत त्यांनी केलेला भेद आजही तसाच उभा आहे.

आज कायद्याने मारण्याचा मार्ग बहुतांशी बंद केला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबई महानगरपालिकेने सरसकट कुत्री मारण्याचे सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. २००१ साली देशभरासाठी तसे नियम झाले, आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. मधल्या काळात, डिसेंबर २००८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उपद्रवी कुत्री मारण्याचा अधिकार पालिकांना आहे असा बहुमताने निर्णय दिला होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. न्यायाधीशांतही एकमत झाले नाही, यावरून प्रश्नाची अवघडता कळावी. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व लगतच्या भागांतील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, आणि २२ ऑगस्ट रोजी तो बदलला. कुत्री निर्बीज करून, लस टोचून मूळ जागी सोडावीत. मात्र पिसाळलेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक वृत्तीची कुत्री सोडू नयेत, असा नवा आदेश झाला. म्हणजे आपल्या चावऱ्या कुत्र्याला मारता येत नाही आणि आवारात परत आणून सोडताही येत नाही. मग त्याला आमरण कोठेतरी ठेविले पाहिजे. पण हे कोठेतरी कोठे? पिंजरे, माणसे, पशुवैद्य, रोजचे अन्न, हे सारे कोणी पुरवावयाचे? मारू नये असे एका समाजाने ठरविणे हे त्या समाजाला भूषणच आहे. परंतु असे ठरविताच त्याने एक कर्ज आपल्या माथी घेतले. ते फेडले नाही तर त्याचे व्याज दूधवाल्याच्या पोटरीतून वसूल होते.

या कर्जातून सुटण्यासाठी आपण मध्यमवर्गीय लोकांनी एक पळवाट शोधून काढली आहे. मारणे मनाला पटत नाही, सांभाळणे जमत नाही, म्हणून कुत्र्याला गोणीत किंवा गाडीत घालून लांब सोडून यावयाचे. खाडीकाठी, टेकडीपलीकडे, महामार्गाच्या कडेस, एखाद्या अनोळखी वस्तीत. परतल्यावर मन हलके वाटते, कारण हाताला रक्त लागलेले नसते. पण जरा विचार करून पाहिले तर तिन्ही मार्गांत हाच सर्वांत निर्दय आहे. कुत्र्याचा ओळखीचा मुलूख सुटतो. नव्या जागी तेथली कुत्री त्याला फाडतात किंवा तो उपाशी हिंडतो. भेदरलेला कुत्रा पूर्वीपेक्षा अधिक चावतो. आणि चावतो कोणाला? ज्यांना त्याचा इतिहास ठाऊक नाही, ज्यांच्या मुलांना त्याच्यापासून सावध राहावयास कोणी सांगितलेले नाही, आणि बहुधा आपल्यापेक्षा गरीब असलेल्या माणसांना. कारण श्रीमंतांच्या फाटकाशी कुत्रा सोडावयास कोणी धजत नाही. शिवाय आपल्या आवारातील मोकळी जागा कचरा असेपर्यंत रिकामी राहत नाही. दुसरा कुत्रा येतो. त्याला ना लस झालेली, ना निर्बीजीकरण. कुत्र्याला मूळ जागीच परत सोडावे, या नियमात एक कारण हेही आहे. चावल्याची गोष्ट लपवून पाळलेला कुत्रा दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे, हाही याच पळवाटेचा सुशिक्षित प्रकार होय.

मग करावे काय? घरचा कुत्रा असेल तर उत्तर तुलनेने स्पष्ट आहे. ज्याच्या हातून तो खातो त्याने आपली सोय कमी करून घ्यावी. प्रथम पशुवैद्याकडून अंगात काही दुखणे आहे काय ते पाहावे. कान किंवा सांधा दुखत असल्याने खवळणारा कुत्रा औषधाने निवळल्याचे पुष्कळदा दिसते. लस चुकवू नये. जिन्यात, उद्वाहकात, रस्त्यावर आखूड पट्टा आणि तोंडास मुसके असावे. मुसके हा कुत्र्याचा अपमान नाही. सवय हळूहळू लावली तर त्याला त्याचे काही वाटत नाही, अपमान वाटतो तो मालकाला. पाहुणे व मुले यांच्या वेळी निराळी खोली असावी. मारझोड सर्वस्वी बंद करावी आणि जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली नव्याने सवयी लावाव्यात. याला महिने लागतात, पैसा लागतो, आणि शेजाऱ्यांजवळ आपला कुत्रा चावतो असे उघड म्हणावे लागते. यांतले शेवटचे सर्वांत जड जाते.

आवारातील कुत्र्यासाठीही हेच तत्त्व लावावे, फक्त मालकाच्या जागी सर्व रहिवासी समजावेत. येथे कोणी आक्षेप घेईल की, आम्ही त्याला कधी तुकडा घातला नाही, आमचा काय संबंध? याला उत्तर आवारातील कचऱ्याच्या डब्यात आहे. ज्याचा उकिरडा उघडा तोही अन्नदाताच. फक्त त्याचे नाव कोणी घेत नाही. उलट जी बाई रोज संध्याकाळी भात घालते तिच्यावर सगळे तुटून पडतात. तिने भात फाटकाशी, जिन्याशी, शाळेच्या वाटेवर घालू नये, हे तिला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. अन्नाची जागा म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने राखणीची जागा. पण तिला शत्रू करून सोडणे हा मूर्खपणा आहे. ज्या कुत्र्याला कोणी हात लावू शकत नाही तो तिच्या हाताखाली उभा राहतो. त्याला पकडून लस टोचावयाची असो की निवाऱ्यात न्यावयाचे असो, तिच्यावाचून ते काम नीट होणार नाही. म्हणून सभेने भांडण बाजूस ठेवून चार गोष्टी ठराव करून कराव्यात. कचरा झाकावा, अन्नाची जागा व वेळ बदलावी, आवारातील सर्व कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लस पुरी होईपर्यंत पालिकेचा व एखाद्या प्राणिसेवी संस्थेचा पाठपुरावा करावा, आणि जो कुत्रा खरोखरच घातक ठरला आहे त्याला निवाऱ्यात ठेवून घेतले तर त्याच्या पोषणाची वर्गणी आपण द्यावी. मनोऱ्याच्या दर्शनी भागातील दिव्यांसाठी जी वर्गणी निघते तिच्यापेक्षा ही जड होईल असे वाटत नाही. तोवर चावलेल्या माणसाच्या लशीचा खर्च आणि त्याच्या बुडालेल्या रोजाची भरपाई हीही संस्थेनेच सोसावी. दया खरी आहे की शोभेची, हे या एका कलमावरून ओळखता येईल.

राहता राहिला मृत्यूचा प्रश्न. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पिसाळल्याची शंका असलेल्या कुत्र्यास वेगळे ठेविले जाते, आणि रोग खरोखरच असेल तर बहुधा दहा दिवसांच्या आत तो मरतो. असाध्य रोगाने किंवा प्राणांतिक जखमेने तळमळणाऱ्यास पशुवैद्याने वेदना न होता मरण द्यावे, अशी नियमांत तरतूद आहे. चावरेपणाचे मूळ अशा एखाद्या असाध्य वेदनेत असेल तर ते मरण क्रौर्य नव्हे. पण तेथेही ती शिक्षा म्हणून असू नये, कारण शिक्षेला अपराध लागतो. आणि ती आपली सुटका म्हणून असू नये, कारण सुटकेसाठी दुसरे मार्ग होते. ज्याने त्याला वाढविले त्याने त्या वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून जवळ बसावे. नोकराबरोबर पाठवून देऊ नये.

महाभारताच्या आरंभी जसा एक कुत्रा आहे तसा शेवटीही एक आहे. महाप्रस्थानात युधिष्ठिराच्या मागोमाग आलेला कुत्रा सोडून रथात बैस, असे इंद्र सांगतो आणि युधिष्ठिर नकार देतो. ही कथा कुत्र्यांचे कैवारी नेहमी सांगतात, आणि सांगावीच. पण तिच्यातील एक गोष्ट निसटते. आश्रिताला न सोडण्याची किंमत म्हणून युधिष्ठिराने पणाला लावला तो स्वतःचा स्वर्ग. शेजाऱ्याचा स्वर्ग पणाला लावून तो धर्मनिष्ठ ठरला नसता. आपणही कुत्र्याला सोडू नये. परंतु त्यासाठी जे द्यावयाचे ते आपल्या सोयीतून, आपल्या वेळातून, आपल्या खिशातून द्यावे.

निर्णय योग्य झाला की नाही हे ताडून पाहण्यास एक साधी कसोटी सुचवितो. प्रत्येक घरात एखादे मूल असते, आणि कुत्रा दिसेनासा झाला की ते विचारतेच की, तो कोठे गेला? तो गावी मोकळ्या रानात आनंदात आहे, असे आपण सांगतो, आणि मूल आपल्या तोंडाकडे पाहत राहते. ज्या निर्णयाची हकीकत मुलाला खरीखुरी सांगता येते, मग ती मुसक्याची असो, निवाऱ्याची असो, की पशुवैद्याच्या टेबलावरील अखेरच्या क्षणाची असो, तो निर्णय दुःखाचा असला तरी बहुधा न्यायाचा असतो. जी हकीकत बदलून सांगावी लागते तिच्यात कोणाचा तरी भार आपण दुसऱ्याच्या दाराशी टाकून आलेलो असतो.